चुन्याच्या दरजा

माझ्या धाकट्या भावाच्या हाताला गुण आहे, असं वडील चारचौघांत सांगायचे. मी शेजारीच उभा असायचो. गवंडीकाम त्यांनी दोघांनाही शिकवलं, कौतुक मात्र त्याचंच. माझा जळफळाट व्हायचा. आता या वयात लपवून काय करू?

वडील गेल्यानंतर शहरातल्या एका जुन्या बागेतली इंग्रजांच्या काळातली दगडी कमान दुरुस्तीला निघाली. मालाडच्या खाणीतला पिवळट दगड, वर कोरलेली पानं, आणि दगडांमधल्या दरजांत मागे कुणीतरी थापलेलं सिमेंट. ते खरवडून चुना भरायचा होता. ठेकेदाराने आम्हाला घाटकोपरहून बोलावून एकेक खांब दिला. म्हणाला, "आठवड्याने बघतो. ज्याचं काम चांगलं, तो मुख्य मिस्त्री."

भावाच्या दरजा बघून माझ्या पोटात दुखलं. ओळंबा लावल्यासारख्या सरळ! माझ्या बऱ्या होत्या. नुसत्याच बऱ्या.

चुना सावकाश सुकावा लागतो. खांबाला गोणपाट गुंडाळायचं आणि ते सतत ओलं ठेवायचं, नाहीतर तडे जातात. तिसऱ्या दिवशी भाऊ तापाने आडवा झाला. "दादा, माझ्या खांबाला पण पाणी मार ना," एवढंच म्हणाला. एप्रिलचं ऊन होतं. मी माझं गोणपाट भिजवलं. मग भरलेली बादली घेऊन त्याच्या खांबापाशी गेलो, जरा वेळ थांबलो आणि पाणी शेजारच्या झाडाला घातलं. चार दिवस हेच केलं.

ठेकेदार आला तेव्हा भावाच्या दरजांना केसासारख्या भेगा पडल्या होत्या. मी मुख्य मिस्त्री झालो. भावाने मला एका शब्दाने विचारलं नाही. "मीच चुना नीट मळला नसणार यार. वाट लावली मी," म्हणाला आणि मुलुंडला बाथरूमच्या टाइल्स बसवायला लागला.

काम संपल्यावर तोच आईला कमान दाखवायला घेऊन आला. तिचा हात धरून खांबावर फिरवला.

"आई, हे सगळं दादाच्या हातचं. झकास झालंय ना?"

"आणि तुझं रे कुठलं?"

"माझं टिकलं नाही गं."

आई माझ्याकडे वळली. "तुझ्या बाबांनी बघायला हवं होतं रे," म्हणाली.

हेच ऐकायला मी जन्मभर आसुसलो होतो. भाऊ हसत होता, हात अजून खांबावरच होता. मला काही त्या दगडाला हात लावता येईना. तेव्हाही मला त्याचाच हेवा वाटला.