तिसऱ्या आग्रहाची वाट

श्रीरंग मेहेंदळेला पहिल्या दमात 'हो' म्हणणं कधी जमलंच नाही. चहा विचारला तरी नको, लाडू पुढे केला तरी नको. पुण्याच्या घरचं वळणच तसं. खरं उत्तर तिसऱ्या आग्रहाला द्यायचं.

असा हा बुजरा गृहस्थ एकेकाळी व्हर्जिनियातल्या 'कॉपर फेन्स' या कंट्री-रॉक बँडमध्ये वाजवायचा, हे तिथल्याच हर्नडन गावच्या मराठी मंडळींना खरं वाटत नसे. पुण्यात तो हवाइयन गिटार शिकला होता, मांडीवर आडवी घेऊन वाजवायची ती. इकडे शिकायला आल्यावर कॉलेजातल्या डेलनं ते सूर ऐकले आणि त्याला सरळ बँडमध्ये ओढलं. आसपासच्या गावांत त्यांचं नाव झालं. चौऱ्याहत्तर साली बँड फुटला आणि जो तो पोटापाण्याला लागला.

सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये डेलचा फोन आला. "श्री, आम्ही पुन्हा वाजवतोय. येतोस?"

श्रीरंगला आनंदानं काही सुचेना. बायको, सुनेत्रा, दोन वर्षांपूर्वी गेली तेव्हापासून त्याला असं कुणी बोलावलंच नव्हतं. पण तोंडातून निघालं, "छे, नको रे. आता कुठे बोटं वळतात!"

"ठीक आहे, समजलं," म्हणून डेलनं फोन ठेवला.

भल्या श्रीरंगला वाटलं, डेल पुन्हा फोन करेल. महिनाभर ऑफिसातून थेट घरी येऊन तो फोनशेजारी जुनी गाणी घोटत बसला. आंघोळ करतानाही दार उघडं ठेवायचा. फोन वाजला नाही. सुनेत्रा असती तर तिनं रिसीव्हर ओढून घेऊन सांगितलं असतं, "येताहेत हो ते!" त्याचं पहिलं 'नको' तिनं कधी खरं धरलंच नव्हतं.

बँडचा कार्यक्रम पुढे एका शनिवारी दुपारी, गावच्या फायर स्टेशनच्या हॉलमध्ये होता. श्रीरंग तिकीट काढून मागे बसला. गिटार गाडीच्या डिकीत होती. स्टेजवर त्याच्या जागी कुणीच नव्हतं. त्याच्या गिटारचे सूर डेल तोंडानं शिट्टीवर वाजवत होता. ते ऐकताना श्रीरंगची बोटं मांडीवर फिरू लागली.

मध्यंतरात डेलनं त्याला पाहिलं आणि धावत येऊन मिठी मारली. "श्री! शेवटच्या गाण्याला येतोस वर?"

"नको, नको," श्रीरंग हसून म्हणाला.

"बरं," म्हणत डेलनं त्याचा खांदा थोपटला आणि तो स्टेजकडे वळला.

शेवटच्या गाण्यात पुन्हा शिट्टी आली. डिकीची किल्ली मुठीत आवळून श्रीरंग पुटपुटला, "येतो रे, येतो." तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.