मातकट सदरा

पुण्याच्या दाजींनी ताडोबाच्या सफारीचं ठरवलं, तेव्हा घरच्या ग्रुपवर मी लांबलचक मजकूर टाकला. वाघासाठी गावं उठवायची आणि तिथं जिप्सी फिरवून फोटो काढायचे, हे मला मान्य नाही, मी येणार नाही. वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांवरच मी अक्षरं गिरवली, त्यामुळं असं लिहिणं मला सहज जमतं. दाजींनी माझ्या जागी त्यांच्या भावाचं नाव घातलं.

माझं मत आजही तेच आहे. पण तामलवाडीच्या आमच्या घरात आता वाघाशिवाय विषय नाही. ज्या आईला मी तुळजापूरपुढं कधी नेलं नाही, ती रोज फोनवर विचारते, "जावईबापू, वाघीण पिल्लं घिऊन येती व्हय?" आणि खुदकन हसते. माझ्या एकाही भाषणावर ती अशी खुललेली नाही. माझा नुसता जळफळाट होतो.

काल न राहवून मी दाजींना विचारलं, "एखादी सीट आहे का?"

"आधार कार्डासकट नावं गेली, कॉम्रेड. आता बदल न्हाय."

जंगलात भडक कपडे चालत नाहीत, आणि आईच्या साड्या सगळ्या लाल-हिरव्या. तिनं खुंटीवरचा माझा मोर्चाचा मातकट सदरा काढला.

"साडीवर घालते. तुझी तत्त्वं ऱ्हाऊ दे घरी, सदरा तेवढा दे."

वडील पेपराआड हसले. मी सदऱ्याला इस्त्री करून दिली. आता मला त्या सदऱ्याचाही हेवा वाटतोय.