गरजू पुढच्या घरी राहतात

ज्वारीच्या रानातून चालत आलं की सलवारीला कुसळं चिकटतात. रानात काही कळत नाही, घरी येऊन निवांत बसलं की टोचायला लागतात. किश्श्यांचंही तसंच! आमचं केंद्र सुरू होऊन अजून वर्षही झालेलं नाही. पण एखाद्या मैत्रिणीचा फोन येतो, "काय गं, कसं चाललंय तुझं समाजकार्य?" असं ती विचारते, आणि मग मी एकेक कुसळ काढत बसते.

मी दिल्लीत समाजकार्य शिकले. बरोबरीच्या मैत्रिणी मोठ्या संस्थांमध्ये गेल्या, मी सोनपेठ तालुक्यातल्या माझ्या गावी परत आले. कारण साधं होतं. दिवाळी झाली की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं. म्हातारी माणसं मागे राहतात, लेकरं आई-बापांबरोबर फडावर जातात आणि त्यांची शाळा तिथेच संपते. गावातच दोन वेळचं गरम जेवण आणि अभ्यासाला जागा मिळाली, तर आजी आणि नात दोघीही गावात राहतील, असं माझं ठाम मत होतं. आजही आहे. पुण्याच्या एका संस्थेला ते पटलं. ग्रामपंचायतीनं जुनं गोदाम दिलं. आता फक्त गरजू माणसं शोधायची राहिली होती.

फक्त!

*

पहिल्या गल्लीतल्या पहिल्या घरी मी विचारलं, "इथं गरजू कोण आहे?"

"आमी न्हाई बा. पुढच्या घरी बगा."

पुढच्या घरी म्हणाले, "आमचं काय वाईट चाललंय? त्या पलीकडच्यांचं लय अवघड हाय." पलीकडच्यांनी कोपऱ्यावरचं घर दाखवलं. कोपऱ्यावरच्यांनी दार अर्धंच उघडलं, "कोन म्हनलं आमी गरजू? नाव सांगा त्याचं!" असा उलट सवाल केला आणि दार लावून घेतलं.

आमची गल्ली गोल आहे. फिरून फिरून मी पुन्हा सुरुवातीच्या घराशेजारी, गयाआजीच्या ओट्यापाशी आले. आजी काठी मांडीवर आडवी घेऊन बसली होती.

"आजी, तुम्ही तरी सांगा. आहे का कुणी गरजू?"

"हाय की एक पोरगी," आजी हळहळून म्हणाली. "सकाळधरनं उन्हात फिरायलीय. तोंड पार सुकून गेलंय. कोनी पानी सुदीक इचारलं न्हाई. आधी तिचं बग माय."

मी कळवळून मागे वळले. गल्लीत माझ्याशिवाय कुणीच नव्हतं!

*

खरं तर गयाआजीचं घर माझ्या मनात पहिलं होतं. तिचा मुलगा भगवान आणि सून दरवर्षी ऊसतोडीला जातात. नात रूपाली सातवीत. आतापर्यंत दोघी मागे राहायच्या आणि आजी रांधायची. यंदा आजीच्या हातांना कंप सुटला होता.

"चुलीपाशी आईला एकटी सोडायचं मला भ्या वाटतं," भगवान मला म्हणाला. "आन् सातवीतल्या पोरीनं घर चालवावं, ते बी पटत न्हाई. आई तुमच्या केंद्रात दोन टाइम जेवली तर दोघींना हितं ठेवतो. न्हाई तर दोघी टोळीसंगं."

रूपालीनं मला शाळेच्या फाटकात गाठलं. "ताई, काय बी करा, आज्जीला तिथं आना. मला हीच शाळा पायजे."

मी आजीकडे गेले. अभ्यासक्रमात शिकलेलं सगळं बोलले. "आजी, हे कुणाचे उपकार नाहीत. हा तुमचा हक्क आहे!"

"हक्क हाय?"

"शंभर टक्के!"

"मग न घ्यायचा बी हक्क असंल की त्यात."

दिल्लीत दोन वर्षं मी पुष्कळ वादविवाद जिंकले होते. ते सगळे त्या ओट्यावर संपले.

*

केंद्राच्या पाटीसाठी सोनपेठहून पेंटर बोलावला. मजकूर दिला, 'ज्येष्ठ नागरिक व बालक केंद्र'. अक्षरं त्यानं झोकात काढली, पण जागेचा अंदाज चुकला आणि मधला 'व' त्यानं स्वतःच्या अधिकारात गाळला. पाटी तयार झाली: 'ज्येष्ठ नागरिक बालक केंद्र'.

मी डोक्याला हात लावला. पाटी वाचायला उत्तमनाना आले. नाना एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, हयात पालमच्या गाडीवर गेलेली. चष्मा वर-खाली करून त्यांनी पाटी दोनदा वाचली.

"ऱ्हाऊ द्या ताई. बरोबर हाय. दात न्हाईत, रुसायचं लय, आन् चालता चालता पडायचं. बालकच की आमी!"

आणि केंद्राचे पहिले बालक म्हणून नाना आत आले.

*

नाना आले ते एसटी घेऊनच आले. पोरांची पंगत बसताना ते दारात उभे राहतात. "मागं सरका, मागं लय जागा हाय! ए, दारात कोन लटकायलंय?" ताटं वाढून झाली तरी नाना घास उचलत नाहीत आणि कुणाला उचलू देत नाहीत.

"नाना, सुरू करा की."

"बेल कुठं झाली?"

तेव्हापासून आमच्याकडे बेल आहे. रूपाली कंडक्टर. केंद्रात जेवायला तिला आजीची ना नव्हती. लेकरांनी खाल्लं तर चालतं, अशी आजीची समजूत. रूपाली चमच्यानं ताट वाजवते. एकदा वाजलं की थांबायचं, हात जिथे असेल तिथे. दोनदा वाजलं की गाडी सुटली!

एकदा पाहुणे म्हणून आलेल्या शाळेच्या गुरुजींनी बेलच्या आधीच घास घेतला. नानांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. गुरुजींनी घास परत ताटात ठेवला.

*

हळूहळू आणखी म्हातारी मंडळी यायला लागली. सगळी एकमेकांशी मोकळी व्हावीत म्हणून मी प्रशिक्षणात शिकलेला एक खेळ घेतला. गोल बसायचं आणि प्रत्येकानं स्वतःबद्दलची एक अशी गोष्ट सांगायची, जी तिथे कुणालाच माहीत नाही.

मग एक म्हातारी म्हणाली, "ताई, असं काय उरलंय गावात?"

तरी सोपानकाकांनी घसा खाकरला. "नाना, तुझा तो लाल कोंबडा मुंगसानं नेला न्हवता. म्या खाल्ला."

मी घाबरले. नाना मात्र एकदम थंड.

"ठावं हाय मला. तू नव्या नवरीला आनायला चालला होतास, फाट्यावर हात केलास, आन् गाडी थांबली न्हाई. आठवतंय?"

"ब्रेक लागत न्हवता म्हनलास की तू!"

"ब्रेक चांगला होता," नाना म्हणाले.

तो खेळ मी पुन्हा घेतला नाही. त्या दिवसापासून दोघं शेजारी बसतात. मोकळे झाले म्हणून की नजर ठेवायला म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

*

दिवाळी जवळ आली आणि गयाआजी ओट्यावरून हलेना. भगवाननं दोघींची गाठोडी बांधायला घेतली. मी हात टेकले. रूपालीनं टेकले नव्हते.

एका दुपारी ती घरी जाऊन आजीसमोर नुसती बोटं चाटत बसली.

"काय खाल्लंस गं एवढं?"

"आमटी. मंगलवयनीची. आज्जे, खरं सांगू का? तुझ्यापक्षा भारी!"

आमच्या मंगलवहिनी केंद्रात स्वयंपाक करतात. पुढचं त्यांनीच मला सांगितलं. काठीचा आवाज गल्लीच्या तोंडापासून येत होता. आजी थेट चुलीपर्यंत आली, "बगू दी तरी," म्हणाली, वाटीभर आमटी प्यायली आणि तोंड वाकडं केलं.

"मीठ कुठंय ह्यात?"

आमटीत मीठ व्यवस्थित होतं. पण मंगलवहिनी संसारी बाई. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आगं माय, राहिलंच की! आत्याबाई, उद्या बी या बरं तपासायला. माझं ध्यान ऱ्हात न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमटीत मीठ खरोखरच घातलं नाही.

मग रिवाजच पडला. आजी दोन्ही वेळेला बेलच्या आधी येते, तपासते, मीठ नसल्याचं जाहीर करते, आणि मगच पातेल्यात मीठ पडतं. भाकरीशिवाय आमटीची परीक्षा होत नाही, म्हणून भाकरी. भाकरी कोरडी आहे का ते भाजीशिवाय कळत नाही, म्हणून भाजी. मी एकदा मूर्खासारखं म्हणाले, "आजी, आता जेवताच आहात तर नाव घालू का यादीत?"

आजीनं हातातला घास खाली ठेवला. "जेवायलंय कोन? तपासायले मी!"

मंगलवहिनींनी मला चुलीमागे ओढून नेलं. "ताई, तुमी लय शिकल्यात ते खरं. पर जरा गप ऱ्हावा की!"

*

टोळी निघायच्या सकाळी ट्रॅक्टर चावडीपाशी उभा होता. भांडीकुंडी, अंथरुणं, कोंबड्या, सगळं वर चढलं. भगवाननं आजीचं गाठोडंही चढवलं होतं. त्याला अजून खात्री वाटत नव्हती. रूपाली दप्तर पाठीला लावून ट्रॅक्टरच्या बाजूला उभी. शाळेत जायचं की ट्रॉलीत चढायचं, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हतं.

गयाआजी काठी टेकत आली आणि ट्रॅक्टरला वळसा घालून पुढे निघाली.

"आई, कुठं निघालीस?"

"कामावर."

"कसलं काम?"

"उतरीव ते गाठोडं. म्या फडावर गेले तर हितल्या मिठाचं कोन बगंल? ही मास्तरीन?" माझ्याकडे काठी रोखून आजी म्हणाली. "हिला साखर आन् मीठ वळखू येत न्हाई."

भगवाननं गाठोडं उतरवलं. ते खाली ठेवताना त्यानं तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. ट्रॅक्टर निघाला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, आणि रूपालीनं खिशातून चमचा काढून ट्रॉलीच्या मागच्या लोखंडी फाळक्यावर मारला. टिंग टिंग!

*

आता हा शेवटचा किस्सा.

ऐन हंगामात पुण्याच्या संस्थेकडून निरोप आला: आमचे साहेब तपासणीला येतील, थेट लाभार्थ्यांशी बोलतील, त्यावरून पुढचं ठरेल. पुढचं म्हणजे केंद्र चालू ठेवायचं की नाही. टोळ्या परतायला होळी उजाडणार होती. मध्येच चूल बंद पडली, तर रूपालीसारख्या सगळ्या लेकरांची रवानगी फडावर, आणि गाठोडं पुन्हा ट्रॅक्टरवर.

मी आजीचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "आजी, साहेबांनी विचारलं तर एवढंच म्हणा, मी इथं जेवते."

"खोटं बोलू?"

साहेब आले. तरुण, गोरेपान, उन्हानं लाल झालेले. नेमके पंगतीच्या वेळेला. ताटं वाढलेली, आमटी तेवढी वाढायची होती आणि बेल व्हायची होती. सगळे हात मांडीवर ठेवून बसलेले. दारातच नानांनी साहेबांना रूपालीचा चमचा दाखवून बेलचा नियम सांगितला. फक्त एक ताट चालू होतं. साहेब साहजिकच तिकडे गेले. मी मागोमाग.

"आजी, तुम्ही रोज इथं जेवता?"

"न्हाई."

रूपालीनं चमचा घट्ट धरला.

"मग... हे ताट?"

"तपासनी."

"दोन भाकऱ्यांची?"

"एकीनं काय कळतंय? तू कोन?"

"मी..." साहेब थोडे गोंधळले. "मीसुद्धा तपासणीलाच आलोय."

आजीनं त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं आणि सतरंजीवर सरकून जागा केली. "मग उभा कामून? उभ्यानं काय तपासतूस? बस."

साहेब बसले. मंगलवहिनींनी ताट पुढे केलं. माझ्या तेव्हा लक्षात आलं, आजीनं अजून मीठ नसल्याचं जाहीर केलेलं नव्हतं, म्हणजे आमटीत मिठाचा कणही नव्हता! मी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी छताकडे पाहिलं. साहेबांनी भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास घेतला. चावायचे क्षणभर थांबले. मग गिळला. सगळं गोदाम त्यांच्या तोंडाकडे बघत होतं.

"कसं हाय मीठ?" आजीनं विचारलं.

साहेब सभ्य माणूस. कुणाचं मन दुखवायचं नाही, हे त्यांच्या घरच्यांनी शिकवलं असणार.

"छान आहे," ते म्हणाले. "अगदी बरोबर."

आजीनं खूप वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग मायेनं त्यांच्या पाठीवरून थरथरता हात फिरवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली,

"लिव्ह गं ह्याचं नाव. लय गरजू हाय."

कुणी हसलं नाही. कुणाची हिंमतच नव्हती. साहेबांनी ताटाकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं, मग रूपालीकडे हात पुढे केला. तिनं काही न कळून चमचा त्यांच्या हातात दिला.

साहेबांनी तो ताटावर वाजवला. एकदा.

नानांनी डोळे मिटून घेतले.

मग पुन्हा एकदा.