अक्कांचा इंग्रजी जप

अक्का गाडी बघत नसत, गाडीचा नंबर बघत. धुळ्याला आमचं घर आग्रा रोडजवळ होतं. संध्याकाळी फिरायला निघालो की मुंबईकडून, इंदूरकडून ट्रक धडधडत यायचे. त्या काळी नंबराच्या आधी तीन इंग्रजी अक्षरं असत, सुरुवातीच्या अक्षरांवरून राज्य कळे. ट्रक दिसताच अक्का छत्रीचं टोक त्याच्याकडे रोखून म्हणायच्या, "हं, कुसुम. एम, पी, जी." ही तिन्ही अक्षरं याच क्रमाने ज्यात येतात असा इंग्रजी शब्द मी पुढचा ट्रक येण्याआधी सांगायचा. अधेमधे दुसरी अक्षरं आली तरी चालत. तुम्ही नातवंडं फोनवर असेच काहीसे खेळ खेळता म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिल्याच दिवशी मी झटकन 'जम्पिंग' म्हणाले. नवी सून होते, बी.ए.ला इंग्रजी घेतलेलं, जरा तोराही होता. अक्का रस्त्यातच थांबल्या. "आयएनजी लावून पळवाट काढायची नाही. ते कोणीही करेल. 'कॅम्पेन' घे. त्यातला जी तोंड उघडत नाही, पण हजेरी लावून असतो."

अक्का म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या आत्या. साक्रीकडच्या खेड्यात वाढल्या, लवकर विधवा झाल्या, शिकल्या आणि धुळ्यात मुलींच्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर आमच्याकडेच राहत. वर्गात इंग्रजी, घरात स्वच्छ मराठी आणि जीव हलला की अहिराणी, अशी त्यांच्या बोलण्याची वाटणी होती. कोणी काळजी करत बसलं की म्हणत, "डोकं रिकामं ठेवू नका गं. भीती भाडेकरूसारखी येते आणि मालकासारखी राहते."

त्यांचा उजवा डोळा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गेला होता. पट्टी असताना एक जोराची शिंक आली, टाके उसवले आणि डोळा हाती लागला नाही. काही वर्षांनी डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू उतरला. आधी छत्री उशिरा उठू लागली, मग "तूच वाच गं, मला उन्हाची तिरीप लागते," सुरू झालं. ऊन मावळलेलं असायचं. शेवटी जळगावच्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. माझं माहेर जळगावचं, म्हणून सोबतीला मीच गेले.

आता सकाळी ऑपरेशन करून दुपारी घरी पाठवतात. तेव्हा दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून, दिवसचे दिवस उताणं निजवून ठेवत. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मान हलवायची नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचंसुद्धा नाही. दुसरा डोळा नाही त्यांना, लक्षात ठेवा." ज्या बाई वर्गात एका जागी कधी बसल्या नाहीत, त्यांना हे सांगायचं होतं. पहिल्या दुपारीच त्यांची बोटं चादर चुरगाळू लागली. "कुसुम, कुशीवर वळावंसं वाटतंय गं. फार वाटतंय."

माझी खुर्ची खिडकीशी होती. मी खाली रस्त्यावर पाहिलं आणि म्हटलं, "अक्का, जी, टी, आर."

बोटं थांबली. बऱ्याच वेळाने उत्तर आलं, "गिटार."

मग आमचं तेच सुरू झालं. मी अक्षरं सांगायची, त्यांनी ओठ न हलवल्यासारखे हलवत शब्द पुटपुटायचे. खाली टांगेच जास्त, त्यामुळे मी अक्षरं मनाचीच सांगू लागले. एकदा क्यूने सुरुवात केली. "क्यूची गाडी कुठल्या राज्याची?" अक्का म्हणाल्या. "टांगा असेल तर टांगा सांग, खोटं कशाला?"

पलीकडच्या खाटेवर एक मारवाडी शेठजी होते, पारोळ्याला कापडाचं दुकान असलेले. त्यांचेही डोळे बांधलेले. आल्या दिवशी ते सारखे खोकत होते आणि डॉक्टर रागावत होते. पण आमचा खेळ सुरू झाला की ते अगदी गप्प होत. मला वाटायचं, झोप लागत असेल. एका दुपारी आम्ही जरा थांबलो, तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "बाईसाब, तुमचा जाप झाला का?"

"कसला जप?" मी म्हटलं.

"तो इंग्रजीतला. ताई अक्षर देतात, तुम्ही नाव घेता. जाप चालू असताना खोकायचं कसं, पाप लागेल. म्हणून दाबून ठेवतो. झाला असेल तर थोडासा खोकून घेतो."

अक्कांच्या पोटावरची चादर थरथरू लागली. ओठ घट्ट मिटलेले, हातांनी खाटेची पट्टी धरलेली आणि हसू आतून धक्के देत होतं. मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि तोंडात आली ती अक्षरं बोलले, "आर, जे, एन. अक्का, आर, जे, एन."

चादर हळूहळू शांत झाली. त्या शब्द शोधत होत्या.

"रिजॉइन," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "शेठजी, जप संपलेला नाही. दिवसभर चालणार आहे. खोकू नका."

"जी बाईसाब," शेठजी म्हणाले.

पट्टी सोडायच्या दिवसापर्यंत माझ्या डोळ्यांपुढे ती हलणारी चादर होती. डॉक्टरांनी कापूस काढला, बोटं पुढे धरली. अक्कांनी ती निरखली. मग म्हणाल्या, "तीन. अंगठा नीट मिटा डॉक्टर, मुलं चौथं मोजतील." आणि माझा हात चाचपून धरत, "दिखस वं कुसुम. बठ्ठं दिखस." सगळं दिसतंय, असं त्या अहिराणीत सांगत होत्या. शेठजींचाही डोळा वाचला. अक्कांची शिष्या समजून त्यांनी मलासुद्धा वाकून नमस्कार केला.

जाड भिंगांचा चष्मा मिळेपर्यंत आम्ही माझ्या माहेरीच राहिलो. धुळ्याच्या एस.टी.त अक्का खिडकीशी बसल्या. एरंडोलच्या पुढे समोरून एक ट्रक आला. चष्म्याची परीक्षा घ्यावी म्हणून मी म्हटलं, "अक्का, वाचा."

त्यांनी मान वळवली नाही. रस्त्याच्या कडेला कापूस फुटला होता, शेतंच्या शेतं पांढरी.

"अक्षरं राहू दे," त्या म्हणाल्या. "ती मला डोळे बांधूनही सापडली. हे नव्हतं सापडत."

ट्रक गेला. पारोळा येईपर्यंत त्या बाहेर बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे.