डबा कुणाबरोबर खाता?

'आकडे खोटं बोलत नाहीत' असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. अहो, आकडे बोलतच नाहीत. बोलतो आपण, तेही बहुतेक वेळा घाईघाईत. मी पनवेलच्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं संख्याशास्त्र शिकवलं आणि हे वाक्य पोरांच्या डोक्यात ठोकून ठोकून भरलं. पण माझ्या स्वतःच्या डोक्यात ते नीट शिरलं एका हॉस्पिटलात, नर्सेस जेवायला बसल्या होत्या तेव्हा.

हॉस्पिटल खाजगी, हायवेला लागून. न्हावा शेवा बंदराचे कंटेनर दिवसरात्र समोरून जायचे, त्यामुळे अपघात रोजचेच. तिथे एक तरुण डॉक्टरीण नव्याने आली होती. इमर्जन्सीचं खास शिक्षण घेतलेली, हाडं दिसतील इतकी बारीक आणि बोलायला तिखट. तिचं म्हणणं एकच. वॉर्डात माणूस कोसळला तर डॉक्टर पोचेपर्यंत त्याच्याजवळ नर्सच असते, म्हणून छाती कशी दाबायची, श्वास कसा द्यायचा, कुणाला आधी बघायचं, हे तिच्या हातात बसलेलं पाहिजे. तिने तळमजल्याची एक खोली मागून घेतली आणि वर्ग सुरू करायचं ठरवलं. हॉस्पिटलचे मालक, त्यांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत, तयार झाले, पण अटीवर. त्या खोलीवर बिलिंगवाल्यांचा डोळा होता. "वर्गाने फरक पडतो हे सिद्ध करा," ते म्हणाले, "नाहीतर खोलीही जाईल आणि तुमची पोस्टही."

म्हणून ती माझ्याकडे आली. मला पोरगी आवडली. मी तिला सांगितलं, बाई गं, सगळ्यांना शिकवून मग परीक्षा घेतलीस तर काहीच सिद्ध होणार नाही. दुसऱ्यांदा परीक्षा दिली की माणूस तसाही सुधारतो. त्यापेक्षा चिठ्ठ्या टाक. निम्म्या जणींना आता शिकव, निम्म्यांना नको. दोन्ही गटांत फरक दिसला तर तो तुझ्या वर्गाचा. उरलेल्यांना नंतर शिकव, म्हणजे वर्ग टिकला तर.

चिठ्ठ्या मी स्वतः टाकल्या. सगळ्या नर्सेस समोर उभ्या होत्या. मला नावं कधी लक्षात राहत नाहीत, म्हणून मी त्यांना गावावरून हाक मारायची. बेलपाड्याची होती, आगऱ्यांची, अंगाने दणकट, आवाज तिसऱ्या मजल्यावर जाईल असा. तिची चिठ्ठी वर्गात निघाली. उरणची होती, कोकणी मुसलमान घरातली, नेमस्त, हळू बोलणारी, नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. तिची चिठ्ठी बाहेर निघाली. डॉक्टरणीने वर्गातल्या सगळ्यांना शपथ घातली, की इथलं एक अक्षर बाहेर सांगायचं नाही. बेलपाडावालीने तर गळ्याला हात लावून "आईशप्पथ" म्हटलं.

परीक्षेला प्लॅस्टिकचा पुतळा होता, कमरेपर्यंतचाच. पोरींनी त्याचं नाव दाजी ठेवलं. पहिल्या परीक्षेत दाजींचे हाल कुत्रं खाईना. कुणी पोटच दाबलं, कुणी "दाजी, उठा ना ओ" म्हणत नुसतंच गदागदा हलवलं. डॉक्टरीण कपाळाला हात लावून बसली होती. मी मात्र खूश होते, कारण सुरुवात सगळ्यांची सारखीच वाईट होती, आणि आमच्या धंद्यात यासारखं सुख नाही.

मग काही आठवडे वर्ग चालला. त्या वर्षी श्रावण आणि रमजान हातात हात घालून आले होते. दुसऱ्या परीक्षेला मी मुद्दाम जाऊन बसले. वर्गातल्या पोरींनी कमाल केली. बेलपाडावाली तर अशी दाबत होती की दाजी फाटतील असं वाटलं. मग बाहेरच्या पोरींची पाळी आली, ज्यांना काहीच शिकवलं नव्हतं. पहिली आली, गुडघ्यावर बसली, तळहात बरोब्बर जागी ठेवले, कोपर ताठ. दुसरीचंही तसंच. तिसरीचंही. मी यादी काढून पाहिली, या खरंच बाहेरच्याच गटातल्या होत्या.

अशा बऱ्याच जणी झाल्यावर उरणची आली. कुठे दाबायचं तेच तिला कळेना. दोनदा जागा बदलली, मग ती थांबली आणि तोंड झाकून रडायलाच लागली. "माझ्याच्याने नाही व्हायचं," ती म्हणाली. "सगळ्यांना जमतं, मलाच नाही." मला वाटलं, पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, म्हणून अवसान गळालं असेल. मी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि पुढच्या नर्सला बोलावलं.

घरी येऊन गणित मांडलं. दोन्ही गट जवळपास सारखेच सुधारले होते. म्हणजे कागदावर अर्थ सरळ होता, की शिकवा नाहीतर नका शिकवू, फरक शून्य. मी परत मांडलं. तेच. डॉक्टरणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे मॅडम. मी सामान आवरते." इतका राग आला मला! तिचा नव्हे, त्या शून्याचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तरातरा हॉस्पिटलात गेले. नर्सेस कुठे म्हटलं तर कळलं, कपडे बदलायच्या खोलीत जेवताहेत. दार ढकललं आणि तिथेच उभी राहिले. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली, त्यावर डबे उघडे, वालाचं बिरडं, अळूची भाजी, तांदळाच्या भाकऱ्या. आणि मधोमध गादीची वळकटी आडवी टाकून बाहेरच्या गटातली एक पोर तिच्या छातीवर, म्हणजे गादीच्या, दणादण दाबत होती. बेलपाडावाली भाकरीचा घास हातात धरून दुसऱ्या हाताने तिचं कोपर सरळ करत होती.

"अगं मेल्यांनो!" मी ओरडले. "शपथ घेतली होतीत ना?"

बेलपाडावालीने घास खाली ठेवला. "मॅडम, शप्पथ सांगायची नाय अशी व्हती," ती म्हणाली. "आमी सांगलं नाय काय. फकस्त दावलं."

खरोखरच तसं होतं. त्या रोज जेवताना तोंडातून चकार शब्द न काढता हातांनी दाखवायच्या. कुणी चुकलं तर नुसती मान हलवायची. हसावं की रडावं मला कळेना. मी खूप बोलले त्यांना. तुमच्यामुळे त्या डॉक्टरणीची नोकरी जाते आहे, वर्ग बंद होतो आहे, काही कळतं का? डोळे सगळ्यांचेच भरले. बेलपाडावाली म्हणाली, "आमाला काय ठाव, मॅडम. एका पंगतीला बसायचं नि आपल्यापुरतंच वाढून घ्यायचं, असं कसं जमंल? उद्या हिच्या पेशंटला काय झालं तर?"

मी खाली बसले. कुणीतरी माझ्यापुढे भाकरी सरकवली. श्रावण म्हणून म्हावरं नाही, याबद्दल माझी माफी मागितली. आणि अळूची भाजी खाता खाता माझ्या डोक्यात आलं, की ही पंगत सगळ्यांची कुठे आहे? ज्या इथे बसत नाहीत, त्यांचं काय?

मी परत सगळ्यांना गाठलं आणि एकच प्रश्न विचारला. डबा कुणाबरोबर खाता? तान्ह्या बाळांच्या विभागातल्या नर्सेसना खाली येता येत नसे. त्या वरच, एकेक करून, उभ्याउभ्या खात, आणि परीक्षाही त्यांची सगळ्यात शेवटी झाली होती. आणि उरणच्या पोरीचे रोजे चालू होते. न शिकवलेल्यांपैकी ज्या पंगतीत होत्या त्या सुधारल्या होत्या. ज्या पंगतीत नव्हत्या त्या होत्या तिथेच होत्या. आलेख काढला तर लहान मुलालाही कळेल इतकं स्वच्छ दिसत होतं. वर्गातलं शिक्षण डब्यावाटे पसरलं होतं, आणि जिथे पोचलं नाही तिथे काहीच बदललं नव्हतं.

मी तो आलेख घेऊन मोठ्या डॉक्टरांपुढे बसले. माझ्या विषयाशी बेइमानी मला जमत नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं, की पंगती काही मी चिठ्ठ्या टाकून पाडल्या नाहीत, तेव्हा हा पुरावा जरा लंगडा आहे.

"लंगडा आहे, पण चालतो का?" त्यांनी विचारलं.

"चालतो," मी म्हटलं. "आणि वर एक गोष्ट बघा. शिकवलेलं इतकं उपयोगाचं वाटलं, की पोरींनी शपथ मोडून ते वाटलं. नावडतं शिक्षण कुणी जेवताना वाटत नाही."

ते हसले. वर्ग राहिला, डॉक्टरीण राहिली. बिलिंगवाल्यांना जिन्याखाली टेबल मिळालं आणि ते पुढे कित्येक दिवस मला पाहून तोंड वाकडं करायचे.

मी ही बातमी पोरींना सांगायला गेले तेव्हा ईद आणि गणपती दोन्ही एकदमच होऊन गेले होते. पंगतीत उकडीचे मोदक होते आणि शेजारी उरणच्या पोरीने आणलेलं तांदळाचं गोड सांदण. आता ती त्यांच्यात बसली होती. मी मोठ्या उत्साहात आलेख उघडला. हे बघा, या तुम्ही वर्गातल्या, या तुम्ही पंगतीतल्या, आणि हे खालचे ठिपके बघा, यांच्यामुळेच तर सिद्ध झालं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

उरणच्या पोरीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने सगळ्यात खालच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "ही मीच ना?"

मी कुणाचं नाव लिहिलं नव्हतं. पण ती विचारत होती आणि माझ्याने नाही म्हणवेना.

बेलपाडावालीच्या तोंडचा मोदक तसाच राहिला. "अगो बाय माझे," ती म्हणाली. "तुझा रोजा. तुझ्या तोंडासमोर कसं खायाचं, म्हणून तुला हाकच मारली नाय आमी. वर चादरींच्या खोलीत बसतेस, बसू दे निवांत, असं म्हटलं. दावायचं राह्यलंच गं तुला!" आणि ती घळाघळा रडायला लागली. एवढी दणकट बाई, पण थांबेचना.

उरणची मात्र रडत नव्हती. ती माझ्याकडेच बघत होती. "म्हणजे त्या दिवशी माझ्याबरोबर ज्यांनी परीक्षा दिली," ती हळूच म्हणाली, "त्यांना आधीच येत होतं?"

"हो."

"सगळ्यांना?"

"तुझ्या आधी आलेल्या सगळ्यांना."

तिने एक मोठा श्वास सोडला. म्हणाली, "मी अब्बांना सांगून टाकलं होतं, महिनाअखेर नोकरी सोडते. रोज वॉर्डात शिरताना धडकी भरायची. वाटायचं, बाकीच्यांनाही शिकवलं नाही, मलाही शिकवलं नाही, तरी त्यांना येतं. म्हणजे माझ्यातच काहीतरी कमी आहे. माझ्या हातून माणूस मरेल." आता तिचा आवाज फाटला. "म्हणजे मी ढ नाही ना, मॅडम?"

इतके दिवस त्या ठिपक्याकडे बघत मी खूश होत होते, तो जितका खाली तितका पुरावा पक्का म्हणून. आणि त्याच वेळी ही पोर त्या ठिपक्यात बसून नोकरी सोडायला निघाली होती. मी तिचे दोन्ही हात धरले. "नाही गं बाळा," मी म्हटलं. "अजिबात नाही. तुला कुणी शिकवलंच नव्हतं."