पाहुण्या गाईची मजलिस

ताइफबाहेरच्या त्या गोठ्यात मी बरीच वर्षं गुरांचा डॉक्टर होतो. परक्यांच्या जागी आपली माणसं नेमायचं सरकारी सौदीकरण आमच्यापर्यंत पोचलं तेव्हा माझ्या जागी एक तरुण सौदी डॉक्टर आला. उन्हाळा संपेपर्यंत मी त्याला काम शिकवायचं आणि मग रत्नागिरीला परतायचं, असं ठरलं. म्हणजे आपल्याच पायावर धोंडा, तोही आपल्याच हातानं! माझा पारा सदा चढलेला. बायको म्हणायची, "अहो, त्या पोराचा काय दोष?" दोष नसेना का! मला काळजी गायींची होती.

तेही खरंच होतं. परदेशातून आणलेल्या त्या थोराड, दुधाळ गायी गोचीडतापापुढे अगदीच लेच्यापेच्या. आदल्या उन्हाळ्यात भिंतींच्या भेगांतून गोचीड निघाले आणि माझ्या डोळ्यांदेखत चांगल्या चांगल्या गायी गेल्या. एकीचं डोकं मांडीवर घेऊन मी बसून राहिलो होतो. मग भेगा बुजवून घेतल्या, शेजाऱ्यांच्या बकऱ्या अंगावर गोचीड आणायच्या, त्यांचं येणं बंद केलं. पण हे सगळं रोज भांडून टिकवावं लागतं. हा मऊ बोलणारा पोरगा कुणाशी काय भांडणार, कप्पाळ!

त्यातच मालकांच्या मेव्हण्यानं दक्षिणेतल्या जीझानहून एक गावठी गाय भेट म्हणून धाडली. दिसायला ठणठणीत. पण अशीच गाय घात करते. रोग तिच्या रक्तात मुरलेला असतो, तिला स्वतःला काही होत नाही. तिचं रक्त प्यायलेला गोचीड दुसरीला चावला की संपलं. मालक म्हणाले, "यल्ला, आत बांधा, आपल्या गायींत."

मी म्हणालो, "शेख, आधी तिला वेगळी ठेवू. रोग असेल तिच्यात."

झालं! म्हातारा उसळला. "माझ्या मेव्हण्याची भेट रोगट? खलास, एक शब्द नको!" भेट नाकारणं तर दूरच, तिला दाराशी ताटकळत ठेवणंसुद्धा त्यांच्यात अपमानाचं. मी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात नवा डॉक्टर पुढे झाला. त्यानं वाकून मालकांच्या खांद्याचं चुंबन घेतलं, मेव्हण्याची खुशाली विचारली, गाईची तारीफ केली. मी मनात म्हणतोय, घातली यानं आत! तर तो शांतपणे म्हणाला, "काका, पाहुणा आला की आपण त्याला थेट घरात, बायकामुलांत नेतो का? त्याची मजलिस, बसा-उठायची बैठक, वेगळी. पाणी वेगळं, खाणं वेगळं, दिमतीचा माणूसही वेगळा. तोच तर त्याचा मान."

म्हातारा मग दाढी कुरवाळत हसला आणि जागा दाखवायला स्वतःच निघाला. कुंपणापलीकडे, गोठ्यापासून लांब, पत्र्याची नवी सावली उभी राहिली. मेव्हणा बघायला आला, तो हा थाट पाहून फुगलाच! तपासणीत त्या गाईच्या रक्तात रोग निघाला. तिला औषधं सुरू केली आणि उन्हाळा सरेपर्यंत माझ्या एकाही गाईला ताप आला नाही. मी जन्मभर घसा फोडला असता तरी हे मला जमलं नसतं.

निघायच्या दिवशी सकाळी एका गाववाल्याचा निरोप घ्यायला त्याच्या बकऱ्यांच्या वाड्यावर गेलो आणि तिथून तडक गोठ्याकडे आलो. गायींच्या पाठीवरून शेवटचा हात फिरवायचा होता. फाटकात तो उभा.

"दक्तूर, बकऱ्यांतून आलात ना? आंघोळ करून, कपडे बदलून या."

"मला अडवतोस? मला?" मी ओरडलोच.

तो कानकोंडा झाला, छातीवर हात ठेवून त्यानं माफी मागितली, पण फाटकातून हलला नाही.

घरी आलो. बायको बांधाबांध करत होती. माझा चेहरा बघून घाबरली. "काय झालं हो? भेटलात ना गायींना?"

"त्यानं आत सोडलं नाही," मी म्हणालो, आणि "बरं झालं" म्हणता म्हणता मला रडू फुटलं.