डुक्कर खालीच होते

आमच्या साडूंनी रानडुकराची शिकार केली, ही बातमी भोपाळच्या मराठी कुटुंबांत इतकी फिरली आहे की तिला आता आधार कार्ड काढून द्यायला हरकत नाही. अरेरा कॉलनीतल्या एका बारशात ती सांगितली गेली, शाहपुऱ्याच्या तळ्याकाठी सकाळी फिरणाऱ्यांनी ती ऐकली आणि कोलार रोडवरच्या एका तेराव्याच्या पंगतीत, दिवंगताचे गुण संपल्यावर, तीच वाढली गेली. दर वेळी डुक्कर वीतभर मोठे होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. डुकराने हवे तेवढे वाढावे. माझी हरकत कथेतल्या दुसऱ्या प्राण्याविषयी आहे, आणि तो प्राणी म्हणजे मी. साडूंच्या कथेत मी पंपघराच्या छतावर थरथरत बसतो, लवकर घरी जाता यावे म्हणून ‘झुडपात काही नाही’ असे खोटेच ओरडतो आणि त्या खोट्यापायी साडूंचा जीव जाता जाता वाचतो. इथल्या मराठी मंडळातले तरुण मला पाठीमागे ‘खालीकाका’ म्हणतात. नुसते भित्रा म्हटले असते तर वयाकडे पाहून मी ते सोडले असते. खोटारडा म्हटलेले मी सोडणार नाही.

प्रथम ‘शिकार’ या शब्दाचा निकाल लावू. रानडुक्कर मारायला सरकारी परवानगी लागते. ती आमच्याकडे नव्हती, आणि मारण्याचे सामर्थ्य तर मुळीच नव्हते. निवृत्तीनंतर साडूंनी कोलार रोडच्या पुढे, कॉलन्या संपून शेते सुरू होतात तिथे, थोडी जमीन घेऊन हरभरा पेरला. नाल्याकाठच्या घाणेरीच्या झुडपांत डुकरे दिवसभर पडून राहत आणि दिवेलागणीला हरभऱ्यात शिरत. झुडपांत कुत्री घालून त्यांना उठवायचे आणि पलीकडच्या जंगलाकडे हाकलायचे, एवढाच बेत होता. हे काम मला ठाऊक होते. लहानपणी अमरावतीकडे मामांच्या ज्वारीत मी ते पुष्कळदा पाहिले होते. तिथली रीत अशी, की एक जण उंचावर बसतो. सगळे त्यालाच दिसते. आणि तो फक्त एकेक शब्द ओरडतो. वर. खाली. डावीकडे. उजवीकडे. वाक्य बोलायचे नाही, कारण वाक्य पुरे होईपर्यंत डुक्कर थांबत नाही. ही रीत मी साडूंना आदल्या दिवशी समजावून दिली होती. त्यांनी मान हलवली. आमचे साडू त्या मंडळाचे अध्यक्ष आहेत, त्यामुळे न ऐकता मान हलवण्याचा त्यांना सराव आहे. त्यांचा जन्म भोपाळचा, शिक्षण भोपाळचे, नोकरी भोपाळची. मातृभाषेच्या रक्षणावर ते तासभर बोलू शकतात. त्या भाषणात क्रियापदे तेवढी मराठी असतात.

गेल्या हिवाळ्यातली दुपार. साडू हॅट घालून आले. हातात लोखंडी टोकाची काठी, खांद्याला चहाचा थर्मास आणि दोरीच्या टोकाला त्यांचा लॅब्रॅडॉर, जो उन्हाळ्यात कुलरसमोर आणि हिवाळ्यात रजईत झोपतो. शेताच्या रखवालदाराने गावातली तीन कुत्री आणली होती. हा रखवालदारही कमी नव्हे. त्याच्या आजोबांनी एक डुक्कर लाथेने मारले होते, असे तो आल्या आल्या सांगू लागला.

“साडूभाऊ, तुम्ही वर बसा. वयाचा प्रश्न आहे,” साडू म्हणाले. ते माझ्याहून जेमतेम वर्षभराने लहान आहेत.

“मी वर बसतो ते मला दिसतं म्हणून. तुम्ही हे कुत्रं कशाला आणलंत?”

“ह्याच्या खूनमध्येच शिकार आहे. विलायती जात आहे.”

“मला तर ह्याच्या रक्तात श्रीखंड दिसतं.”

रखवालदार हसला. “बाबूजी, इसको सूअर दिखाओगे तो ये पहले हाथ मिलाएगा।”

मी छतावर चढलो. कापत नव्हतो, शिडी डगमगत होती. रखवालदाराने वरच्या अंगाने कुत्री झुडपात घातली. साडू लॅब्रॅडॉरला घेऊन नाल्याच्या काठावर उभे राहिले. कुत्री भुंकू लागताच झुडपाच्या दुसऱ्या बाजूने एक मोठा नर मुकाट्याने बाहेर पडला, नाल्यात उतरला आणि कोरड्या पात्रातून सरळ साडूंच्या दिशेने चालू लागला. साडूंना तो दिसत नव्हता. काठ उंच होता. मला दिसत होता. मी रीतीप्रमाणे ओरडलो, “खाली!”

साडूंनी वर पाहिले. “काय?”

“खाली! खाली!”

झुडपामागून रखवालदाराने माझ्या शब्दाचा हिंदीत उद्धार केला. “बाबूजी कह रहे हैं खाली है! चलो रे, वापस!” आणि शीळ घालून कुत्री बाहेर बोलावली. झुडूप रिकामे आहे, असे त्याने घेतले. तो हिंदी माणूस. त्याला मी दोष देत नाही. पण साडू? साडूंनी मला हात केला, नाल्याच्या काठावर पाय सोडून बसले, लॅब्रॅडॉरची दोरी सोडली आणि थर्मासचे झाकण उघडले. मी आणखी मोठ्याने ओरडलो. जितक्या मोठ्याने मी ओरडे, तितके ते निश्चिंत होत. शेवटी तर त्यांनी ‘समजलं, समजलं’ अशी खूण करून कपात चहा ओतला.

पुढचे फार लवकर झाले. साडूंच्या लोंबत्या पायांखालून डुक्कर काठ चढून वर आले, थर्मास नाल्यात गेला आणि मराठी मंडळाचे अध्यक्ष काटेरी तारेच्या कुंपणावरून पलीकडे गेले. त्यांच्या पँटचा एक तुकडा अलीकडे राहिला. गावातली तिन्ही कुत्री परत धावली, दोन्ही बाजूंनी भुंकून त्यांनी डुकराला वळवले आणि ते जंगलात निघून गेले. विलायती रक्त मोटारीच्या खाली लपलेले सापडले.

साडूंच्या मांडीवर जो व्रण आहे, आणि जो ते पुरुषमंडळींत मोठ्या प्रेमाने दाखवतात, तो सुळ्याचा नसून तारेचा आहे. पँटचा तुकडा तारेवरून मी स्वतः सोडवला आहे. लोक मला विचारतात, ‘पळा’ असे का ओरडला नाहीत? पळा म्हटले की माणूस डुकराकडेही पळतो. डुक्कर कुठे आहे ते सांगणे माझे काम होते. ते मी केले.

परतताना मोटारीत साडू म्हणाले, “साडूभाऊ, तुम्ही खाली का म्हणालात?”

“डुक्कर खाली होतं म्हणून.”

त्यांनी ‘खाली, खाली’ असे दोनदा स्वतःशी म्हणून पाहिले. आणि मग त्यांना कळले. ते कळताना मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. मग हळूच म्हणाले, “बायकांना काही सांगायला नको.” मी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितले, आणि त्यात मी खोटारडा होतो. कारण उघड आहे. मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी मराठी शब्द हिंदीत ऐकला, हे कबूल करायचे किंवा साडूला खोटे पाडायचे. साडू स्वस्त पडला.

यंदाच्या संक्रांतीला मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात अध्यक्ष पुन्हा सुरू झाले. सगळे सतरंजीवर बसले होते. डुक्कर छतावरच्या मला पाहून हसले, इथपर्यंत कथा आली, तेव्हा मी उभा राहिलो.

“अध्यक्षमहाशय, मी काय ओरडलो होतो?”

“खाली.”

“खालीचा अर्थ काय, तेवढं सांगा.”

 साडूंनी माईक एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. दोन्ही वाटा मी बंद केल्या होत्या: ‘खाली म्हणजे तळाशी’ म्हटले तर मी खरा, ‘खाली म्हणजे रिकामे’ म्हटले तर ते मराठीचे अध्यक्ष कसले? एवढ्यात नऊवारी नेसून सूत्रसंचालन करणारी तरुणी मला मदत करायला पुढे आली. “काका, खाली म्हणजे रिकामं ना?”

“हो, बरोबर,” मागून दोघे-तिघे म्हणाले. साडूंच्या चेहऱ्यावर रक्त परत आले.

“असं?” मी सभेला विचारले. “मग तुम्ही सगळे आत्ता कुठे बसला आहात?”

“नीचे!” एक जण उत्साहाने ओरडला.

सभागृह हसले. साडू सर्वांत मोठ्याने हसले. ज्या न्यायालयात मी वर्षभर दाद मागत होतो, त्याला माझी भाषाच येत नव्हती. मी आणखी बोलणार होतो, तोच आमच्या सौभाग्यवतींनी माझा सदरा ओढला.

“अहो, खाली बसा आता.”

तो शब्द नीट वापरणारे माणूस त्या सभेत एवढे एकच निघाले, आणि त्यांनी तो मला गप्प करायला वापरला. मी त्यांना तिथल्या तिथे साक्षीला उभे राहायला सांगितले.

“बहिणीच्या नवऱ्याविरुद्ध? संक्रांतीला?” त्या म्हणाल्या. “तुम्ही आधी तिळगूळ घ्या.”

साडू वाटी घेऊन स्वतः आले. तिळगूळ मी घेतला. गोड बोलण्याचे कबूल केले नाही.